घरचा दाढीचा साबण

अंडं बुडालं.

देवरावने बादलीत डोकावून पाहिलं. मातकट पाण्याच्या तळाशी अंडं निवांत पडलं होतं.

"अंडं खराब असन," तो म्हणाला.

"खराब अंडं तरंगते जी," कांता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ताजं अंडंच बुडते. माह्या कोंबडीले नावं ठेवू नका."

"दुसरं दे."

दुसरंही बुडालं. कांताने पदराला हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "आता दोनाची भुर्जी करू, का तिसरंही बुडवाचं हाये?"

देवराव बादलीतच बघत राहिला. एरवी उलट उत्तर दिल्याशिवाय तो राहायचा नाही, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे कांताला कळलं. दसरा तोंडावर आला होता, आणि दसऱ्याला साबण तयार हवा होता.

देवराव निमगडे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबूच्या यार्डात नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर गडचिरोलीला धानोरा रोडवर त्याने दोन खोल्या बांधल्या आणि सुखाने राहू लागला. सुख म्हणजे सकाळचा चहा, विहारातली वंदना, बायकोशी भांडण आणि दाढी. दाढी रोज, आणि तीही घरी केलेल्या साबणाने. दुकानातल्या ट्यूबला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. लाकडाची राख घ्यायची, बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात भाताचं तणस घालून त्यावर ती दाबून भरायची, वरून पाणी ओतायचं. खाली थेंबथेंब उतरणाऱ्या पाण्यात चुना घालायचा, आटवायचं. त्या पाण्यात अंडं तरंगलं की समजायचं, खार भरपूर उतरला. मग मोहाच्या बियांचं तेल, ज्याला इकडे टोरीचं तेल म्हणतात, ते घ्यायचं, त्यात थोडं खोबरेल घालायचं, ते राखेचं पाणी ओतून मंद आचेवर शिजवायचं आणि हात मोडेस्तोवर घोटत बसायचं. शेवटी लोण्यासारखा मऊ साबण तयार होतो. बोटभर घ्यायचा, ब्रश फिरवायचा, गाल पांढरेशुभ्र.

हे सगळं त्याला बापाने, इतवारीने शिकवलं होतं. आजवर त्यात एकदाही चूक झाली नव्हती.

या वर्षीची चूक गिझरने केली. म्हणजे केली देवरावनेच, पण तो गिझरवर ढकलत होता. निकेशने, त्यांच्या पोराने, न्हाणीत गिझर बसवला आणि पाणी तापवायची चूल बंद झाली. स्वयंपाक गॅसवर. घरात चिमूटभर राख उरली नाही. तेव्हा देवरावने मोठी अक्कल चालवली. राईस मिलच्या मागे राखेचे ढीगच्या ढीग पडलेले असतात, फुकट. पोतंभर उचलून आणली. धानाच्या मुलखात दुसरं काय सुचणार माणसाला.

त्याने बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. राखेचं पाणी जिभेला चावायला पाहिजे. हे नुसतं पाणी होतं.

"धानाच्या कोंड्याची राख हाये हे," तो म्हणाला. "लाकडाची नाई. हिच्यात खारच नाई."

"मंग फेका, अन दुकानातून आणा एक डबा. निकेशले काय समजते."

"निकेशले समजते," देवराव म्हणाला.

निकेशने आयटीआय केली, नोकरी शोधली, मिळाली नाही. मग नागपूरला एका मोठ्या सलूनमध्ये राहून काम शिकला आणि आता दसऱ्याला स्वतःचं दुकान उघडत होता. आरसे लागले होते, वरखाली होणारी खुर्ची आली होती. वस्तीत चारजण कुजबुजले, आपल्या पोरानं हा धंदा काऊन करावा म्हणून. देवरावने त्यांना विहाराच्या पायरीवरच ऐकवलं, "हातात वस्तरा हाये त्याच्या, चोरीचा माल नाई." पोराचा त्याला अभिमानच होता. अडचण एकच होती. निकेश म्हणाला होता, "बाबा, बोहनी तुमच्या दाढीनं करतो." आणि देवराव म्हणाला होता, "मी खुर्चीत बसत नसतो."

का, ते त्याने सांगितलं नाही. पोराने विचारलं नाही, पण त्याचं तोंड उतरलं. दोन दिवसांनी तोच म्हणाला, "मंग तुमचा साबण तरी द्या. पयली दाढी तुमच्याच साबणानं करतो, कोणाची का असेना." एवढं तरी द्यायलाच हवं होतं. म्हणून देवराव त्या दोन अंड्यांकडे असा बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो रिकामं पोतं घेऊन धानोऱ्याच्या बसमध्ये बसला.

फोनवर ठरल्याप्रमाणे वारलू उसेंडी आपल्या गावाच्या फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. हा देवरावचा जुना दोस्त. तरुणपणी बांबूच्या ट्रकवर हमाली करत बल्लारपूरला यायचा, आणि मुक्काम पडला की देवरावच्या पडवीत झोपायचा. "जोहार," तो म्हणाला. "जय भीम," देवराव म्हणाला. इतक्या वर्षांत दोघांनीही आपापला रामराम बदलला नव्हता, आणि त्यावरून कधी काही अडलंही नव्हतं.

वारलूच्या घरी चूल होती. चुलीत धावड्याचं लाकूड होतं. राखेचा ढीग पाहून देवरावच्या तोंडाला पाणी सुटलं म्हणायला हरकत नाही.

"लोकं आमच्या गावातून मध नेते, चारोळी नेते," वारलूची बायको सुकरी राख चाळता चाळता म्हणाली. "तुमी राख न्यायले आले, भाऊ. पोराच्या दुकानात भांडे घासाचे हाये का?"

"दाढ्या घासाच्या हाये, बाई."

सुकरी हसली आणि चाळण बाजूला ठेवून टोरीच्या तेलाची बाटलीही आणून दिली. अंगणात बाजेवर दोघे दोस्त चहा पीत बसले.

"पयली दाढी कोणाची करते मंग निकेश?" वारलूने विचारलं.

"माही म्हणते."

"मंग?"

"मी नाई बसत."

वारलू चहा पीत राहिला. त्याला घाई नव्हती. तो असा चहा पीत बसला की समोरचा माणूस आपोआप बोलतो, हे देवरावला माहीत होतं, तरी तो बोललाच.

"आमच्या गावातला न्हावी म्हैस भादरत होता. पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाले हात लावत नोहता. माहा बाप मंग स्वतःच शिकला. साबण शिकला, वस्तरा शिकला. छप्पन साली बाबासाहेबाकडून दीक्षा घ्यायले चांद्याले निघाले, तं साऱ्या वस्तीच्या दाढ्या त्यानं केल्या. असे चकाचक करून नेले सगळे."

"सांगतलं होतं तू."

"पुढचं नाई सांगतलं." देवरावने कप खाली ठेवला. "मी कारखान्यात लागलो तवा त्याले बल्लारपूरले आणलं. म्हटलं, आता शहर हाये, आता कोणी इचारत नाई. गेटापाशी सलून होतं, तिथी घेऊन गेलो. न्हावी चांगला माणूस. म्हणे, या बाबा, बसा. खुर्ची झटकली त्यानं टॉवेलनं. अन माहा बाप उंबरठ्यावर उभा राह्यला. पायच नाई उचलला त्याचा. कोणी अडवलं नाई, काई नाई. तसाच उभा. मंग म्हणे, चाल देवराव, घरी करू. त्याच्या बाद कधी गेला नाई. मीबी नाई गेलो. बाप नाई बसला, तं मी कोणत्या तोंडानं बसू?"

सुकरीने दोघांच्या कपात आणखी चहा ओतला.

"तुहा बाप बसला असता," वारलू म्हणाला, "तं तुले वाईट वाटलं असतं का?"

"काऊन वाटन?"

"मंग तू बसला तं त्याले काऊन वाटन?"

देवराव बाजेवरून उठला. तो चिडून म्हणाला, "तुले काई समजत नाई." वारलू म्हणाला, "नाई समजत." आणि पोतं मोटरसायकलला बांधू लागला.

यावेळी अंडं तरंगलं. कांताने आपल्या कोंबडीचं कौतुक केलं. देवरावने अंगणात तीन दगडांची चूल मांडली, कढई चढवली आणि दिवसभर घोटत बसला. येणारेजाणारे विचारायचे, काय शिजून राह्यलं भाऊ? तो म्हणायचा, पोराचं दुकान. संध्याकाळी साबण दाट झाला, पिवळसर, मऊ. त्याने जिभेच्या टोकाला लावून पाहिला. चावला नाही, म्हणजे खार तेलात मुरला होता. कांताने त्यातला गोळाभर गुपचूप पायाच्या भेगांसाठी काढून ठेवला, ते त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दसऱ्याला दुकानात बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. कांता बुंदी वाटत होती. वारलू आणि सुकरी सकाळच्या बसने आले होते. वारलूने मुद्दाम आठवडाभर दाढी वाढवली होती आणि तो बाकावर नंबर लावून बसला होता. देवरावने पांढरा सदरा घातला होता. दाढी मात्र त्यानेही चार दिवस केली नव्हती. साबण संपला होता, असं तो सांगत होता.

त्याने साबणाचा डबा निकेशच्या हातात दिला आणि तो बाहेरच थांबला.

आत जावं असं त्याला वाटत होतं, खरंच वाटत होतं. वंदनेच्या वेळी सगळे आत होते तेव्हाही तो दारातूनच हात जोडून उभा होता. आता त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला आणि त्याला बाप कळला. राग नव्हता तो, लाजही नव्हती. पायच जड झाले होते.

निकेशने बापाकडे एकदा पाहिलं. मग त्याने वाटीत साबण घेतला, ब्रश फिरवला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाबा, तुमचा साबण फेस नाई देऊन राह्यला."

"काय?"

"कोरडाच हाये. पाहा ना."

"असा कसा नाई देत?" देवराव उंबरठा ओलांडून तरातरा आत गेला आणि त्याने पोराच्या हातून वाटी हिसकली. "आण इकडं. पाणी कोण टाकन याच्यात, तुहा मामा? नागपूरले हेच शिकवलं का तुले?" त्याने ब्रश भिजवला, झटकला, वाटीत गरगर फिरवला. फेस वाटीबाहेर आला, दाट आणि पांढरा. "हे पाह्य. फेस नाई म्हणते!"

देवरावने वर पाहिलं. समोर आरसा होता, आरशात तो होता, आणि मागे निकेश कोरं पांढरं कापड हातात पसरून उभा होता. कांताने बुंदीचं ताट खाली ठेवलं होतं.

"फसवलं तू मले," देवराव म्हणाला.

"हो," निकेश म्हणाला. "बसा."

देवराव बसला. खुर्ची मऊ होती. निकेशने कापड गळ्याभोवती बांधलं, कोमट पाण्याने गाल भिजवले, फेस लावला आणि हलक्या हाताने वस्तरा चालवायला सुरुवात केली. पोराचा हात चांगला होता. देवरावने डोळे मिटले होते, तरी डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्याने थांबवलं नाही. निकेश फेसासोबत ते पुसत गेला. पलीकडे कांता नाक ओढत होती आणि सुकरी तिला बुंदी खायला देत होती.

दाढी झाली. निकेशने तुरटी फिरवली, टॉवेलने तोंड पुसलं, कापड सोडून झटकलं. देवराव उठला नाही.

वारलू बाकावरून उठून खुर्चीपाशी आला. "उठ न आता," तो म्हणाला. "माहा नंबर हाये."

"थांब जरासा," देवराव आरशात बघत म्हणाला. "मी बापाच्या वाटचाबी बसून राह्यलो."

वारलू परत बाकावर जाऊन बसला.