खारीसमोर बोलायचं नाही

शेंगेच्या टरफलावर दातांचे चार ठसे होते, दोन खोल, दोन नुसते ओरखडे — म्हणजे तिनं आधी चुकीच्या बाजूनं सुरुवात केली, मग कड सापडली आणि दाणा गेला. गोपिकानं टरफल उजेडात फिरवून पाहिलं. नऊ आठवडे. स्वतः फोडून खाल्लं की खार सोडायला तयार, असं जखमी प्राण्यांच्या केंद्राच्या तक्त्यात होतं. त्याखालची ओळ — माणसाला भिते का? — अजून रिकामी होती. ती भरायला केंद्रातले रुपराव सकाळी अकराला येणार होते.

आनंद व्हायला हवा होता... पण सहा वर्षांत या गॅलरीतून इतकी पिल्लं गेली की आनंदाच्या जागी आता खांदे दुखतात. मार्चमध्ये विजेच्या तारांसाठी प्रताप नगरातल्या फांद्या छाटल्या, घरटं खाली आलं, तिघांतली ही एक उरली. दर दोन तासांनी सिरिंजनं दूध, ओल्या कापसानं पोट पुसणं, वजन. आणि डोळे उघडले त्या दिवसापासून गप्प. खारीसमोर बोलायचं नाही. माणसाचा आवाज ओळखीचा झाला की ती बाहेर कुणाच्याही पायाशी जाते, आणि तिथंच संपते. म्हणून फोन जिन्यात, टीव्ही बंद. नवऱ्याची बदली झाल्यापासून घरात दोघीच — गोपिका आणि सासू, भीमाबाई, ज्यांची खाट कंबर मोडल्यापासून गॅलरीच्या दाराशी. गोळी हवी की खूण, चहा झाला की खूण. खुणांची इतकी सवय झाली की स्वयंपाकघरातही... तिथं तरी मी का बोलत नव्हते?

रुपराव आले, चप्पल काढून गॅलरीतल्या पिंजऱ्याच्या जाळीशी गेले, हात उचलला. खार सरकन खोक्यात. त्यांनी मान डोलावली, पेन काढला.

"कोन आलं वं, गोपिके?" आतून भीमाबाई.

खोक्यातून नाक बाहेर आलं. मग सगळी खार. जाळीवरून उतरत ती रुपरावांच्या बोटासमोर येऊन थांबली, मिशा हलवत.

जिन्यात येईपर्यंत रुपराव बोलले नाहीत. "ताई, कोन बोलते हिच्याशी?"

"कोनी नाही, दादा."

"कोनी नाही, त मग हिनं काय रेडिओ आणला घरात?" हसून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "पंधरा दिवस पाहू. कानावर एक शब्द नाही पडला पाहिजे. मंग बी अशीच आली, त केंद्रातल्या पिंजऱ्यात. मरेपर्यंत."

भीमाबाईंनी लपवलं नाही. "मी बोलली. तू भाजीले गेली का बोलतो."

"काहून पण, आई? सांगितलं होतं ना तुम्हाले!"

"त कोनाशी बोलू? तू त तोंडाले कुलूप लावून राहिली. ते बिचारी आयकते तरी. तुह्यासारखी हातानं गप नाही करत."

गोपिकानं खाटेकडे पाहिलं. खाट पुढच्या खोलीत ओढायची, मधलं दार लावायचं — पंधरा दिवस. पिंजरा हलवता येत नाही, आणि पुढच्या खोलीत दुपारी भिंतीसुद्धा तापतात. तरी सोपं होतं. खाटेचे पाय तिनं नजरेनं मोजले, चौकट मोजली... मग कूलरसमोर पाच मिनिटं म्हणून पाठ टेकली.

जाग आली ती बारीक आवाजानं. भीमाबाई सांगत होत्या — कुही गावच्या बाजारातून येताना बापाचा बैल सुटला, धाकटा भाऊ त्याच्यामागं पळत गेला, आंधारून आलं... गोपिका दाराशी उभी राहिली. भाऊ? सतरा वर्षांत या बाईच्या तोंडून भावाचं नाव नव्हतं. की निघालं होतं, आणि तेव्हा आपण गप्प करायला हात उचलला होता?

खार जाळीला चिकटून होती. आताही नुसता हात उचलायचा होता. शब्दागणिक खार झाडापासून लांब जाते आहे हे गोपिकाला कळत होतं, तक्त्यात लिहिल्यासारखं स्वच्छ कळत होतं — आणि तरी, चौकटीला खांदा टेकून, तिला पुढचं वाक्य हवं होतं.