उन्हात जपलेलं पॅरॅशूट

मैदानावरच्या पोरांनी तिचं नाव टाकेबाई पाडलं होतं. विमानातून उडी मारणाऱ्या प्रत्येकाचं पॅरॅशूट आधी तिच्या टेबलावरून जायचं. शिवण तपासायची, घडी घालायची, आणि नापास झालेलं तिथल्या तिथे कापून टाकायचं, म्हणजे चुकूनही कुणाच्या पाठीवर चढायला नको. टाकेबाईच्या कात्रीला दयामाया नाही, अशी पोरांची तक्रार होती. ती म्हणायची, "जमिनीला तरी कुठे असते?"

पण आज टेबलावर दादाचं पॅरॅशूट होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जन्मभर आभाळातून उड्या मारल्या आणि गेला तो साध्या तापाने, अंथरुणात. त्याची मुलगी आता शिकून तयार झाली होती. रविवारी तिची पहिली एकटीची उडी. उडेन तर बाबांच्याच पॅरॅशूटने, असा तिने हट्ट धरला होता, आणि हट्टाच्या बाबतीत पोरगी बापाच्या वर एक पायरी होती.

"आत्या, लवकर पास कर ना," भाची म्हणाली. "आईने जिवापाड जपलंय."

वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. कौतुकाची वाट बघावी तशा.

"जपलंय ते दिसतंय," टाकेबाई म्हणाली. "आता टिकलंय का ते बघू."

तिने पट्ट्यांपासून सुरुवात केली. कड्या स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. पण कडीखालचा पट्टा गर्द निळा आणि बाहेरचा पार विटलेला. तिच्या कपाळावर आठी पडली. इतकी वर्षं कपाटात होतं, तर रंग उडाला कशाने? मग तिने पांढरं पॅरॅशूट उलगडलं. हे राखीव. मोठं रंगीत उघडलं नाही तर शेवटचा आधार याचाच. कापड पिवळसर पडलं होतं आणि बोटात धरलं तर त्यात जीव जाणवत नव्हता.

देवा, पास होऊ दे, असं तिच्या मनात आलं. या खोलीत असली प्रार्थना तिने आजवर कधी केली नव्हती, आणि केली म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तिने कापडाला दोन चिमटे लावले, एक टेबलाला अडकवला, दुसऱ्यात ताण मोजायचा स्प्रिंगकाटा घातला आणि ती ओढायला लागली. काटा पास व्हायच्या खुणेच्या जेमतेम अर्ध्यावर गेला आणि कापड फर्रकन फाटलं.

"तू जोरात ओढलंस!" भाची ओरडली.

"हवा याहून जोरात ओढते."

"एका जागी असेल खराब. ठिगळ लाव. मी बाबांपेक्षा कितीतरी हलकी आहे."

टाकेबाईने वाद घातला नाही. चिमटे दुसऱ्या टोकाला लावले. या वेळी काटा तेवढाही गेला नाही. भाचीने तोंड फिरवलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"असं कसं गं?" वहिनी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "कपाटात कुबट वास येतो म्हणून दरवर्षी मी गच्चीवर पसरायचे. चांगला उन्हाळाभर. आणि पांढरं तर जास्तच. हे म्हणायचे ना, रंगीत मजेचं, पांढरं जिवाचं. म्हणून त्याला जरा जास्त ऊन दाखवायचे."

टाकेबाईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. गाद्या, चादरी, धान्य, सगळ्याला ऊन दाखवणारी बाई. त्याच मायेने तिने नवऱ्याची आठवण उन्हात घातली होती, आणि हे कापड उन्हाने आतून कुजतं. बाहेरून मात्र फारसं कळत नाही.

खोटं अगदी ओठावर आलं होतं. वय झालं हो वहिनी, जुनं झालं की व्हायचंच. कुणाचं काय बिघडलं असतं?

"जाऊ दे," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "हिला नवीन घेऊ. तेही मीच सांभाळीन, अगदी असंच."

ओठावरचं खोटं तिथेच विरलं.

"वहिनी, नाही," ती म्हणाली. "नव्याला ऊन दाखवायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. हे उन्हानेच गेलंय."

भाचीने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे रागाने पाहिलं. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

मग त्या म्हणाल्या, "हे मला तुमचा एक नियम सांगायचे. जो घडी घालतो त्याला कुणीही म्हणू शकतं, हेच घेऊन तू उडी मार. आणि त्याला नाही म्हणता येत नाही."

"हो."

"मग तू याची घडी घालून उडी मारशील?"

दादाचा हात या पट्ट्यांवर फिरलेला तिने पाहिला होता. या पांढऱ्या कापडाने त्याला एकदा जिवंत परत आणलं होतं.

"नाही," टाकेबाई म्हणाली. "घडीच घालणार नाही."

नियमाप्रमाणे आता कापायला हवं होतं. तिने कात्री उचलली, पांढऱ्या कापडाच्या कडेला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात चालेना. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवू, असं काहीतरी ती पुटपुटली.

"खिळ्यावरून ही काढून घेईल," वहिनी उठत म्हणाल्या. "माझी पोरगी आहे, मला माहीत आहे. आण इकडे."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, नणंदेच्या हातातून कात्री घेतली आणि पांढऱ्यापासूनच सुरुवात केली. कापड गोळा होऊन पात्यात अडकायला लागलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी वहिनी थांबल्या नाहीत.

भाची खिडकीपासून हलली. टेबलाच्या पलीकडे येऊन तिने कापडाची दुसरी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ताणली, म्हणजे आईची कात्री सरळ जाईल.