राधाकिशन डाक्टर

"डाक्टर, वैनीची गाय माजावर आलीय! सकाळपून हंबरायलीय."

एसटीतून उतरून सारजाबाईचा दीर धुळाजी धावतच डेअरीच्या दारात आला होता. राधाकिशन दुधाचे रिकामे कॅन ओल्या फडक्यानं पुसून पालथे घालत होता. धुवायला पाणी नव्हतं.

"सारजाबाईची? तिनं तर वरीस झालं माज दावला न्हाई."

"तेच तर! दादा म्हनतो भाकड हाय, येत्या बाजारी इकून टाकू. वैनी म्हनली, आधी डाक्टरला गाठ. आज सांजच्याला सुई पडली पायजे."

आतल्या खोलीतून चेअरमन सुंदररावांचा आवाज आला. "राधाकिशन, माळावरल्या वस्त्यांची फेरी आपन बंद केलीय. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की, मालक."

"मग बर्फ कावून फोडायलास?"

राधाकिशननं बर्फाचे खडे थर्मासात भरले, कापसात गुंडाळलेली काचेची नळी मधोमध बसवली आणि झाकण आवळलं. सुंदरराव दारात येऊन उभे राहिले. थर्मासाकडे बघून म्हणाले, "टोपी तरी घाल बे. ऊन लई हाय."

राधाकिशन काही खरा डॉक्टर नव्हता. सोसायटीनं त्याला वीस वर्षांपूर्वी बीडला शिकायला पाठवलं, तिथून तो गायींना वळूच्या बीजाची सुई द्यायला शिकून आला. लोकांनी त्याला डाक्टर केलं. तालुक्याच्या खऱ्या डॉक्टरांनी एकदा त्याला यावरून दम भरला होता. त्यानं गावोगावी सांगून पाहिलं, "मी मदतनीस हाय, डाक्टर म्हनू नका." तेव्हापासून काहीजण त्याला 'मदतनीस डाक्टर' म्हणायला लागले. घरी बायको केशरबाई म्हणायची, "तुमच्या सायकलीला आधी वाढते, मग तुमाला. तीच खरी नोकरीला हाय."

सायकलही तशीच होती. वीस वर्षं ती मुरमाच्या वाटांवरून धावली होती. पंधरा गावांत राधाकिशनच्या हातची वासरं उभी होती. आता छ्याऐंशीचा दुष्काळ आला, गोठे रिकामे झाले आणि डेअरीत एका कॅनच्या बुडाशी मावेल एवढंच दूध यायला लागलं.

तो निघाला तेव्हा बारा वाजत आले होते, आणि परतीची एसटी रात्रीच होती. माळ सपाट होता, आणि त्यावर डोळ्यांना टेकायला काही नव्हतं. कुसळी गवत केव्हाच संपलं होतं. तेवढा तरवड हिरवा होता, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही. मुरमात चाक घसरायचं, तेव्हा तो हँडल सैल सोडून सायकलीलाच वाट शोधू द्यायचा. नव्या माणसानं हँडल आवळलं की तो हमखास पडतो, असं तो सांगायचा.

वनखात्याच्या झाडीत शिरला तरी सावली मिळाली नाही. एकूण एक फांदी उघडी होती. एका लिंबाच्या खोडाला टेकून एक काळवीट बसलं होतं. सायकल अगदी जवळून गेली तरी ते उठलं नाही, नुसती मान वळवून त्यानं बघितलं. राधाकिशनला वाटलं, उतरावं, याला पाणी दाखवावं. पण पाणी होतं कुठं?

झाडी संपता संपता पुढचं चाक बसलं. सराटे! त्यानं टायर उतरवून काटे काढले. एक, दोन, तीन. तीन ठिगळं लावून हवा भरेस्तोवर दोन वाजून गेले. त्यानं थर्मास हलवून पाहिला. खड्यांचा आवाज येत नव्हता, नुसतं पाणी डुचमळत होतं.

वस्तीला जायची मुरमाची वाट तलावाला वळसा घालून जायची. तलाव आटला होता. मधून गेलं तर निम्मं अंतर वाचणार होतं. राधाकिशननं सायकल तलावात घातली.

गाळाला भेगा पडून त्याच्या फरश्या झाल्या होत्या. वरून त्या भाजल्यासारख्या कडक दिसायच्या, आणि निम्म्या तलावापर्यंत त्यांनी त्याला नीट नेलंही. मग पुढचं चाक एकदम आत गेलं. खाली अजून चिखल जिवंत होता. सायकल उभ्या उभ्या थांबली आणि राधाकिशन हँडलवरून पुढं फेकला गेला. पाठीमागून काच फुटल्याचा आवाज आला.

त्यानं बसल्या बसल्याच थर्मास उघडला. आतली काच चूर झाली होती. कापसात बोटं घालून त्यानं नळी बाहेर काढली आणि उन्हाकडे धरून बघितली. ती शाबूत होती. लगेच त्यानं ती मुठीत झाकली. मूठही तापलेलीच होती.

थोड्या अंतरावर बायका झिऱ्याभोवती बसल्या होत्या. गाळात पुरुषभर खड्डा खणलेला, त्यात वाटी वाटीनं पाणी पाझरायचं. जिचा नंबर लागायचा ती भरून घ्यायची. तिथली छबुबाई उठून आली.

"लागलं का, डाक्टर? काय फुटलं, च्याचा थर्मास?"

"च्या न्हाई, बाई."

"मग मुठीत काय हाय?"

राधाकिशन ओशाळला. "वळूचं बीज."

मागं बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सकाळपासून त्या बहुधा पहिल्यांदाच हसत होत्या. छबुबाईही हसली, पण तिनं विचारलं, "कोनाच्या गाईला?"

त्यानं सांगितलं. गार राहिलं नाही तर मरतं, हेही सांगितलं. छबुबाई झिऱ्याशी गेली. पहाटेपासून बसून तिची घागर निम्मी भरली होती. कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझी पोरं घरी..." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शिदोरीचं एक गाडगं रिकामं करून तिनं त्यात घागरीतलं पाणी ओतलं आणि भोवती आपल्या पदराची भिजवलेली चिंधी बांधली.

"ह्यात ठिवा. आमच्या गोठ्यातली तांबडी तुमच्याच हातची हाय."

तिथून पुढं सायकलीवर बसणं शक्य नव्हतं. एका हातात गाडगं छातीशी धरून आणि दुसऱ्या हातानं सायकल ढकलत राधाकिशन चालत राहिला. गुडघ्याला खरचटलं होतं, रक्तावर गाळ वाळला होता.

वस्तीवर पोचला तेव्हा ऊन कललं होतं. सारजाबाई गायीचा कासरा हातात घेऊन हिवराखाली उभी होती. सकाळपासून तशीच उभी असावी. तिचा नवरा हरिबा मेंढ्यांच्या वाड्याशी पाठ करून बसला होता. गायीच्या बरगड्या मोजता आल्या असत्या, पण तिच्या डोळ्यांत आज जाग होती.

राधाकिशननं गाडगं खाली ठेवलं. येताना सगळ्या वाटेनं तो हेच घोळवत आला होता, की सांगावं की नाही.

"बाई, थर्मास फुटला. बर्फ तर आधीच इतळलाता. हे बीज जितं हाय का मेलं, मला सांगता यायचं न्हाई. मी सुई दिली आन् गाय गाभन न्हाई राहिली, तर माज फिरून येईस्तोवर तीन हप्ते तुमी आपल्या तोंडचा घास फुकट तिला घालसाल. तवा इचार करा."

सारजाबाईनं त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग गाडग्याकडे.

"तुमी येवढं चालत आलाव, ते मेलं म्हनून का?"

"न्हाई. जितं आसंल म्हनून."

"मग द्या सुई."

हरिबा उठला. त्यानं गायीची शिंगं धरली. काम झाल्यावर गाडग्यातलं पाणी सारजाबाईनं गायीच्या तोंडाशी धरलं, गायीनं ते एका घोटात संपवलं. हरिबा म्हणाला, "खोटं बोलला आस्ता तर मला काय कळनार व्हतं, डाक्टर." आणि थोड्या वेळानं, "तीन हप्ते ठिवतो."

तीन आठवड्यांनी धुळाजी येऊन सांगून गेला की गायीनं पुन्हा माज दाखवला नाही. पण उपाशी जनावराचं काही खरं नसतं, गाभण नसलं तरी माज चुकतो. महिनाभरानं डेअरी बंद झाली. सुंदररावांनी स्वतः कुलूप लावलं आणि राधाकिशनला चारा डेपोवर राखणदार म्हणून नेमलं. मृग कोरडा गेला. आषाढात एका सुट्टीच्या दिवशी, कुणी बोलावलं नसताना, राधाकिशन सायकल काढून वस्तीवर गेला. या खेपेला तो वळसा घालूनच गेला.

वस्ती बांधाबांध करत होती. पाऊस नाही म्हणून मेंढ्या घेऊन सगळे दुसऱ्या दिवशी गोदाकाठाला निघणार होते. राधाकिशननं बाही खांद्यापर्यंत वर केली, हात शेणाच्या वाटेनं गायीच्या पोटात घातला आणि डोळे मिटले. सारजाबाईनं श्वास धरला. आतल्या आत त्याची बोटं चाचपत राहिली.

"हाय," तो म्हणाला. "पौषात व्याईल."

सारजाबाई होती तिथंच मातीत बसली. हरिबा वाड्याकडे वळला आणि उगीचच एका मेंढीला हाकलू लागला.

"पौषात आमी कुठं आसू, कुनाला ठावं," सारजाबाई म्हणाली. "तुमाला दावता यायचं न्हाई वासरू."

"जिथं आसंल तिथं व्याईल की. नीट वाढलं म्हंजे झालं."

ती हात धुवायला तांब्या घेऊन आली. दारात दोनच घागरी होत्या, त्यातली एक वाटेसाठी बांधून ठेवलेली. राधाकिशननं नको म्हणून मान हलवली. त्यानं माती चोळली, लिंबाचा पाला चोळला आणि उजवा हात अंगापासून लांब धरून एका हातानं सायकल चालवत निघाला. वाटेत दोघांतिघांनी विचारलं, हाताला काय झालं. तो नुसता हसला.

घरी केशरबाई नाकाला पदर लावून बाहेर आली. तांब्याभर पाणी घेऊन ती त्याच्या हातावर बारीक धार धरू लागली.

"कोनाची व्हती?"

"सारजाबाईची."

"राहिली?"

"राहिली."

तांब्या संपला. हात अजून निम्मा मळलेला होता. केशरबाई आत गेली, रांजणात पार खांद्यापर्यंत वाकली आणि आणखी एक तांब्या भरून घेऊन आली.