खिडकीखालचा उंबर

बाळाचं दुपटं खिडकीतून निसटून मागच्या बोळात पडलं, म्हणून आत्या खाली उतरल्या. भाच्याकडे राहायला येऊन सात वर्षं झाली, पण त्या बोळात पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती. दुपटं झटकता झटकता त्यांनी सहज वर पाहिलं आणि जागीच खिळल्या.

तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच खिडकीच्या कठड्याखाली, वरून दिसणार नाही असा, भिंतीतून उंबर फुटला होता. मनगटाएवढं खोड, त्याला लगडलेली हिरवी फळं. माहेरच्या रानातला उंबर, इथे! माहेरचं माणूस अवचित भेटावं तसा जीव हरखला. पण क्षणभरच. वडील विहिरी खणायचे. उंबर दिसला की तिथे पहार टाकायची, खाली ओल असतेच, हे त्यांनी लेकीला बोटाला धरून दाखवलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर कसली आलीय ओल? भिंतीतच. आणि त्याच भिंतीला लागून आत बाळाचा पाळणा.

जिने कसे चढल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. भाचा गवंड्यांचा मुकादम, लोकांच्या भिंतींना नावं ठेवण्यात पटाईत. तो हसला. झाडाला भ्यालेली आत्या आजच पाहतोय म्हणाला. आत्या उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. भाचसुनेला बाळ उचलायला लावलं, पाळणा स्वतः ओढला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे गिलाव्यातून पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं बाहेर आली होती.

भाच्याचं हसू मावळलं. त्यानं बोटाच्या पेरानं नुसतं ठोकलं, तशी परातीएवढी खपली, मागच्या विटेसकट, पाळण्याच्या जागी कोसळली. सुनेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"नळ तर पलीकडच्या भिंतीत," भाचा पुटपुटला. "मग इथे पाणी आलं कुठून?"

आत्यांची नजर खिडकीतल्या पातेल्यावर गेली. भाजी धुतलेलं पाणी मोरीत दवडायचं नाही, खालच्या मातीला तरी मिळू दे, ही विहीर खणणाऱ्याच्या लेकीची सवय. खाली आवाज नको म्हणून त्या ते भिंतीला धरून, हळूच ओतायच्या.

"मीच घातलं रे," त्या म्हणाल्या. "सात वर्षं. रोज."

भाच्यानं पातेलं उचललं, मोरीत रिकामं केलं आणि ओट्यावर पालथं घातलं.