दोन खोल्यांचा कागद

लातूर जिल्हा झाला, तशा कोर्टाच्या आवारात वकिलांच्या टेबलांच्या रांगा वाढल्या. त्यातल्या एका टेबलापुढे नागुबाई लिंबाजीशेजारी बसली होती. वकील सिद्धेश्वरअप्पा करारनामा वाचून दाखवत होते. दोघांचं लग्न झालेलं नाही, ते एकत्र राहतात, आणि लिंबाजीच्या माघारी त्याच्या दोन खोल्यांत नागुबाईला मरेपर्यंत राहू द्यावं.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर तो खोदायचा, ती पाट्या वाहायची. ती बौद्ध, विधवा. तो मराठा, सडाफटिंग. सरपण वाचावं म्हणून दोघांनी एकच चूल मांडली. तेव्हा कुणी जात विचारली नाही. पाऊसपाणी झाल्यावर विचारली, आणि लग्न राहून गेलं. आता लिंबाजीचे पुतणे अधूनमधून खोल्या बघून जाऊ लागले होते.

साक्षीला आणलेला शेजारी, सायकलवाला महेबूब, मध्येच अडून बसला. "लग्न न्हाई असं लिवलं तर मी सही करणार न्हाई, वकीलसाब. धा वर्षं हिला भाभी म्हणत आलो. आता मला खोटं पाडून राहिले का?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "हा म्हणतो त्यातच तुमचा फायदा आहे. शेजारपाजारी नवरा-बायको मानतात, तर कोर्टही बहुधा मानेल. तुम्हीच नाही म्हणून लिहून दिलंत, तर पुतणे हाच कागद पुढं करतील."

"मग लिवायचं काय?" नागुबाईने विचारलं.

"लिंबाजी, खोल्याच बाईंना बक्षीसपत्रानं देऊन टाका. नोंदणी झाली की त्या दिवसापासून बाईंच्या."

लिंबाजी हसल्यासारखं करून म्हणाला, "अन् उद्या हिनं मलाच भाईर काढलं तर?"

महेबूब हसला. नागुबाई हसली नाही.

"धा वर्षं मी हेच पोटात घेऊन निजते," ती म्हणाली. "पुतणे तर आत्ता आले."

लिंबाजी टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. "बक्षीसच लिवा," तो शेवटी म्हणाला.

वकील जुना कागद फाडू लागले. नागुबाईने हात आडवा घातला. "ते मरेपर्यंतचं राहू द्या. निस्तं नाव बदला."

नोंदणी कचेरीत लिंबाजीने अंगठा उठवला. खोल्या नागुबाईच्या, आणि त्यांत लिंबाजीला मरेपर्यंत राहू द्यावं. महेबूबने उर्दूत सही केली. लिंबाजीने अंगठ्याची शाई केसांना पुसली.

"चला घरी," नागुबाई म्हणाली.

"कुणाच्या?"

"माझ्या," ती म्हणाली, आणि तो उठेपर्यंत थांबली.