एक स्वल्पविराम नव्वद

कल्पना करा मुलांनो, तुमचं घर नदीच्या अगदी काठावर आहे आणि पाणी चढणार की नाही हे तुम्हाला संगणकाचं एक पान सांगतं. पान हिरवं असेल तर निवांत झोपा, लाल झालं तर गाद्या-भांडी उचला आणि चढावरच्या शाळेत जा.

उरुग्वे नदीकाठच्या खालच्या आळीत नासारेनाचं घर असंच होतं. पान तिच्या मावशीनं, रोसाउरानं, पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलं होतं. वरच्या अंगाला अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आजोबा राहत. तिथे पाणी किती चढलं ते रोज सकाळी फोनवरून पानावर भरत. पान ती वाढ इथल्या पाण्याच्या उंचीत मिळवायचं. बेरीज आठ मीटरच्या वर गेली की लाल.

त्या सकाळी पान हिरवं होतं. माते नावाचा तिकडचा कडवट चहा पीत पीत मावशी एक नवा तपासनीस लावून पाहत होती. हा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला चालवत नाही, नुसता वाचतो. कुठली गोष्ट कुठून निघाली आणि कुठे पोचली, याचा धीरानं माग काढतो. क्षणभरात त्यानं एकेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं: इथे आकडा हवा, तुम्ही मजकूर देताय.

नासारेनाला हसू आलं. "मावशी, याला चष्मा लागलाय. आजोबांनी १,९० लिहिलंय, आकडाच की."

"तुला-मला आकडा गं. फोनवरून येतात ती नुसती अक्षरं." बोलता बोलता मावशी थांबली. त्यांच्या देशात दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात, पीएचपीला मात्र टिंब लागतं. आजोबांचा स्वल्पविराम दिसला की ती भाषा आतल्या नोंदवहीत कुरकुर लिहून ठेवते आणि पुढचं सोडून नुसता एक धरते. ती कुरकुर कुणी वाचलीच नव्हती. मावशीनं पान लिहिताना स्वतः एक, दोन असे पूर्ण आकडे टाकून पाहिले होते, तेव्हा सगळं बरोबर आलं होतं.

"ना नदी पाहिली यानं, ना आजोबा," ती हळूच म्हणाली. "तरी नेमकं धरलं बघ."

ती ओळ दुरुस्त करायला बसली. नासारेना मनातल्या मनात बेरीज करत होती. इथे पाणी साडेसहा. त्यात एक मिळवला तर साडेसात. एक नव्वद मिळवले तर आठ चाळीस.

पान लाल व्हायची तिनं वाट पाहिली नाही. अनवाणीच धावत जाऊन तिनं काठाला सगळ्यात जवळच्या एतेल्विनाकाकूंचं दार ठोठावलं.