एकोणपन्नासवरच्या टाळ्या

गुणलेखकांच्या खोलीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा नियम कुठल्या पुस्तकात नाही. तो मी आणि बाईंनी मिळून केला. बाई म्हणजे समोरच्या देशाच्या गुणलेखिका. त्यांच्या आणि आमच्या पोरींचं मैदानात विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि आम्ही दोघी मात्र नऊ वर्षं एकाच टेबलाशी कोपराला कोपर लावून बसतो. प्रत्येक चेंडू त्या त्यांच्या वहीत लिहितात, मी माझ्या. षटक संपलं की दोघी आपापले आकडे मोठ्याने वाचतो. जुळले नाहीत तर जिची चूक तिनेच खोडायची, दुसरीच्या वहीला बोट लावायचं नाही.

आमच्या पोरींनी बाईंचं नाव ठेवलंय तराजू. अगदी शोभतं. नऊ वर्षांत या बाईने मला एक धाव इकडची तिकडे करू दिली नाही. एकदा एका वाइडवरून आमचं असं वाजलं की त्या दोन षटकं माझ्याशी बोलल्या नाहीत. थर्मासातला चहा मात्र ओतून दिला, तोही न बोलता.

या नऊ वर्षांत आमच्या पोरींनी त्यांना घरच्या मैदानावर एकदाही हरवलं नव्हतं. चिडवायचं म्हटलं तरी माझ्याकडे काही नव्हतं.

त्या दिवशीचं मैदान लहान. टीव्हीवाले फक्त शेवटच्या सामन्याला येणार होते, त्यामुळे धावफलकही जुनाच, आकड्यांच्या पाट्या टांगायचा. मी खिडकीतून ओरडून सांगायचं आणि शिडीवरच्या पाटीवाल्याने बदलायचं. आमची फलंदाजी चालू होती आणि चव्वेचाळिसाव्या षटकात एकोणपन्नासवर उभी होती माझी भाची.

ती सात वर्षांची असताना तिची आई गेली. माझा भाऊ मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. तेव्हा ती माझ्याकडे आली ती माझीच झाली. शाळेच्या सामन्यांचेही आकडे मीच लिहायची. एकदा घरी येऊन तिने दप्तर आपटलं आणि म्हणाली, "सगळ्यांच्या आया टाळ्या वाजवतात. तू नुसती पेन्सिल धरून बसतेस." मी म्हटलं, "टाळ्या वाजवायला दोन हात लागतात, माझा एक कामात असतो." उत्तर हजरजबाबी होतं. ती मात्र त्या रात्री जेवताना एक शब्द बोलली नाही, हे मला अजून आठवतं.

आता ती एकतीस वर्षांची. देशाकडून खेळताना चार वेळा चाळिशीत बाद झालेली. निवड समितीच्या बाईंनी चारचौघांत ऐकवलं होतं, "चाळिशी पुष्कळ पाहिली, पन्नाशी दाखव, मग विश्वचषकाचं बोलू." तो संघ दुसऱ्या दिवशी जाहीर होणार होता. समितीच्या बाई समोरच्या गॅलरीत टोपी घालून बसल्या होत्या. मी सकाळपासून तिकडे बघायचं टाळत होते.

षटकाचा शेवटचा चेंडू. भाचीने बॅट फिरवली, चेंडू मागे गेला आणि ती पळाली. एक धाव. पन्नास! मी पाटीवाल्याला ओरडले, "पन्नास लाव!" आणि मग काय झालं कोण जाणे, मी खुर्चीवरून उठले, पेन्सिल गेली टेबलाखाली आणि खिडकीत उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या दणदणीत वाजवल्या. डोळे भरून आले होते, समोरचं सगळं हिरवं हिरवं दिसत होतं.

भाचीने फलकाकडे पाहिलं. शेजारी उभ्या पंचबाईंशी काहीतरी बोलली. मग आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि क्षणभर थांबून तिने बॅट वर केली.

पुढचं षटक सुरू झालं. आकडे वाचायचे राहिले होते, मी तेव्हा टेबलाखाली पेन्सिल शोधत होते. पहिलाच चेंडू भाचीने जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात ढकलला आणि वेड्यासारखी पळत सुटली. तिथे धाव नव्हतीच. अर्ध्या वाटेवर असतानाच यष्ट्या उडाल्या.

"पन्नास झाले आणि डोक्यात हवा गेली," मी पुटपुटले. "हिला कोणी सांगितलं होतं पळायला?" रागारागाने लिहिलं: धावचीत, पन्नास.

"ताई," बाई म्हणाल्या. "तुमच्या अवांतर धावा किती?"

"चार."

"माझ्या पाच."

बाईंनी वही माझ्याकडे सरकवली नाही, फक्त बोट ठेवलं. मागच्या षटकाच्या शेवटच्या चेंडूसमोर त्यांच्या बारीक अक्षरात लेगबाय लिहिलं होतं. म्हणजे चेंडू बॅटला लागलाच नव्हता, पॅडला लागून गेला होता. धाव संघाची, फलंदाजाची नाही.

"पंचबाईंनी गुडघ्यावर हात मारून खूण केली," त्या हळूच म्हणाल्या. "खूण दिसली हे कळवायला दिवा लावायचा असतो, तो मीच लावला. तुम्ही टाळ्या वाजवत होता."

दिवा लावणं यजमानांचं काम, म्हणजे माझं. मला शरमेने मान वर करवेना.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "एकूण धावा जुळताहेत. सामन्याला काही फरक पडत नाही." मग थांबून म्हणाल्या, "तुमची पोर आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल ते मी माझ्या वहीत लिहिते."

नऊ वर्षं जिने मला अर्धी धाव दिली नाही, ती आज आख्खी द्यायला निघाली होती. मला रडू आलं, आणि खरं सांगते, मोहही झाला. दोन वह्या जुळल्या की तेच खरं ठरणार होतं. समोर टोपीवाल्या बाई बसल्या होत्या, पोरीचं वय एकतीस होतं.

"नको बाई," मी म्हटलं. "तुम्ही एकदा खोटं लिहिलंत की मग मी भांडायचं कुणाशी?"

मी माझ्या वहीतला आकडा खोडला, शेजारी आद्याक्षरं घातली आणि खिडकीतून ओरडले, "एकोणपन्नास लाव रे!" पाटीवाल्याने दोनदा विचारलं. पाटी बदलली तशी गॅलरीतून "अरेरे" असा आवाज आला. बाईंनी चहा ओतला.

आमच्या झाल्या एकशे सत्त्याऐंशी. त्यांचा शेवटचा गडी बाद झाला एकशे शहाऐंशीवर. एका धावेने जिंकलो. नऊ वर्षांनी, घरच्या मैदानावर. खाली पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या, आणि त्यांच्या पोरी खाली मान घालून हातमोजे काढत होत्या.

"लेगबायने हरवलंत हो," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण डोळे ओले होते. आम्ही आकडे जुळवले, एकमेकींच्या वहीवर सह्या केल्या. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

मी जिना उतरले. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. खेळाडूंच्या खोलीतल्या इतर मुली बाहेर फोटोला गेलेल्या, भाची एकटीच बाकावर बसून पॅड सोडत होती. डावा पट्टा नेहमीसारखा अडकला होता. मी खाली बसले आणि तो सोडवायला लागले.

"माझं चुकलं गं," मी म्हटलं. "पन्नास नव्हते तुझे. चेंडू पायाला लागला होता. मी बघितलंच नाही. आणि आता उद्या त्या समितीच्या बाई..."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"पायालाच लागला होता, आत्या. माझाच पाय, मला नाही कळणार? पंचबाईंनाही विचारलं मी."

"अगं मग बॅट कशाला वर केलीस, मूर्खासारखी?"

ती माझ्या डोक्याकडे बघत असावी. मी पट्ट्याशीच झटत होते.

"तू उभी होतीस खिडकीत. टाळ्या वाजवत होतीस," ती म्हणाली. "आधी वाटलं हाताने खूण करून सांगावं तुला. पण मग तू खाली बसली असतीस."

पट्टा सुटला, तरी मी तो हातात धरून ठेवला.

"म्हणून तशी पळालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, पुढच्याच चेंडूवर खरी धाव काढून टाकू. म्हणजे तू वाजवलेल्या टाळ्या खऱ्या ठरतील, तुला काही कळायलाच नको." ती नाक ओढत हसली. "धावच नव्हती तिथे."

दाराशी कोणीतरी तिला फोटोसाठी हाक मारत होतं. ती उठली, एका पायात पॅड तसाच, आणि मला हात धरून उभं केलं. माझे गुडघे आता एका झटक्यात उठू देत नाहीत.

"एकोणपन्नासला कोणी टाळ्या वाजवतं का?" मी डोळे पुसत म्हटलं.

"तू वाजवल्यास," ती म्हणाली, आणि फोटोला गेली.